चौथी माळ

थेंब दर सहा सेकंदांनी पडत होता. हेमाताईंची खाट काचेला लागूनच होती आणि त्यांच्या कानाच्या रेषेत अडकवलेली पारदर्शक डबी माझ्यापासून हातभरही लांब नव्हती. डोक्यातून आलेल्या नळीच्या तोंडाशी थेंब आधी फुगायचा, मग लांबायचा, मग सुटायचा. डबीच्या मध्यभागी द्रव लाल होता. कडेला तो पातळ पसरला होता, तिथे मात्र लाल रंगाच्या बाहेर अर्ध्या मिलिमीटरची पिवळी किनार दिसत होती.

मी एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं जीवरसायनाचं काम करते. नुसता रंग पाहून काही म्हणायचं नाही, ही तिथली पहिली सवय. तरी ती किनार पाहून मी काचेच्या आणखी जवळ सरकले.

"विदुला, बस की जरा," भाऊजी मागून म्हणाले. "उभं राहून काय होणारे?"

भालचंद्र भाऊजी माझे थोरले दीर. आत निपचित पडलेल्या हेमाताई त्यांच्या बायको, माझ्या जाऊबाई. माझा नवरा त्या आठवड्यात कामासाठी कांडल्याला होता, त्यामुळे बाहेरच्या बाकावर आम्ही तिघंच होतो: भाऊजी, सासूबाई आणि मी. सासूबाईंनी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या आणि त्या पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"दिव्यात तेल घालायला शेजारच्या सुमनला सांगितलंय," त्या मला तिसऱ्यांदा म्हणाल्या. "पण तिचं लक्ष टीव्हीत. अखंड दिवा आहे गं तो."

नवरात्राचा आठवा दिवस होता. आमच्या घरात या दिवसांत तारीख कुणी म्हणत नाही. पहिली माळ, दुसरी माळ असंच मोजतात. आठव्या माळेला सकाळी घटावर माळ बांधताना हेमाताई "आई गं" म्हणाल्या आणि पाटावरून कोसळल्या. समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर ती वेळ मोठ्या अक्षरांत होती: शून्य तास, ८.१०. त्याखाली उलटलेला वेळ. चार तास बावीस मिनिटं. तेवीस.

बार्शीत हे मेंदू-तत्काळ केंद्र सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. त्याआधी असा रुग्ण सोलापूरला पोचेपर्यंतच अर्धा निकाल लागलेला असायचा. ताईंना मात्र पन्नास मिनिटांत आत घेतलं होतं आणि सव्वाअकराला डॉ. नसरीन मुजावर बाहेर येऊन आम्हाला सगळं समजावून गेल्या होत्या. बुटक्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, बोलताना हाताने हवेत आकृत्या काढणाऱ्या.

"मेंदूच्या तळाशी एका धमनीवर फुगा होता," त्या म्हणाल्या. "जन्मभर गप्प बसलेला. आज फुटला. रक्त मेंदूच्या आत नाही, मेंदूभोवती सांडलंय. मेंदू ज्या पाण्यात तरंगतो ना, त्या पाण्यात. फुगा आम्ही आतून तारेचं वेटोळं भरून बंद केलाय. दाब नळीने उतरवलाय. पुन्हा रक्तस्राव व्हायची भीती आता जवळजवळ नाही."

"मग बरी होईल ती," भाऊजी म्हणाले.

"अजून नाही. सांडलेलं रक्त तिथेच आहे."

मला ते ठाऊक होतं. रक्त वाहिनीत असतं तोवर जीवन, बाहेर पडलं की विष. दोन-तीन दिवसांत त्यातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात, हिमोग्लोबिन मोकळं होतं, आणि त्याच्या संपर्कात आलेल्या धमन्या हळूहळू आवळत जातात. फुग्यातून वाचलेली माणसं दुसऱ्या आठवड्यात दगावायची ती या आवळण्यामुळे. ज्या मेंदूला रक्ताने बुडवलं, तोच मग रक्तावाचून सुकायचा.

क्षालन ही त्यावरची नवी गोष्ट. दोन बारीक नळ्या. एकीतून कोमट द्रव आत, दुसरीतून बाहेर. द्रवात एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं, ते गुठळी सैल करतं. नऊ-दहा तासांत मेंदूभोवतीचं सगळं रक्त धुऊन निघतं, पेशी फुटायच्या आत. ताईंसारख्या हाक मारूनही डोळे न उघडणाऱ्या दहा रुग्णांतले सात त्यानंतर बोलत-चालत घरी जातात. अट एकच. रक्त ताजं हवं.

"आधी कधी थोडं झिरपलं असेल," डॉक्टर म्हणाल्या, "तर त्या जागी धमनीला सूज आलेली असते. जुन्या गुठळीची खपली तिला धरून असते. विकर ती खपली खरवडून काढतं आणि धमनी एकदम मिटते. एकदम म्हणजे तासाभरात. देशभरात चुकून असं क्षालन झालेले अकरा रुग्ण आहेत. नऊ गेले."

"आणि जुनं रक्त असेल तर काय करता?" मी विचारलं होतं.

"मग धूत नाही. झोपवतो. मेंदू तेहतीस अंशांवर आणून चौदा दिवस शीतनिद्रेत ठेवतो. त्याची भूकच कमी करायची, म्हणजे धमन्या आवळल्या तरी तग धरेल. दहांत चार जागे होतात. त्या चारांतले दोन पहिल्यासारखे नसतात."

सात आणि चार. भाऊजींनी तेवढंच ऐकलं होतं.

"आमचे घोंगडे मास्तर," ते तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला सांगत होते, "इथंच धुतलं त्यांचं डोकं. मेल्यासारखे आणले होते. बाराव्या दिवशी स्कूटर! आधी वर्गातल्या पोरांची नावं चुकवायचे, आता बापाच्या नावासकट सांगतात." आणि स्वतःच हसत होते, डोळे न हसता.

मला नऊ वाजता कळलं, मी प्रयोगशाळेतून थेट आले. तोवर रुग्णाचा इतिहास नोंदवून झाला होता. आधी कधी डोकेदुखी? भाऊजींनी सांगितलं, नाही. कुठलं औषध? डोक्याची गोळीसुद्धा माहीत नाही तिला. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना माहीत नव्हतं.

मला माहीत होतं.

चौथ्या माळेला सकाळी अकराच्या सुमारास ताईंचा फोन आला होता. मी दुधाचे नमुने लावत होते, फोन खांद्यात धरला होता.

"विदू, डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं गं. एकदम. जिन्यातच बसले."

"आता?"

"आत्ताच. मान पण धरलीय. ओकारी आली एक."

"पित्त आहे, ताई. चार दिवस उपाशी, त्यात चहावर चहा. दुसरं काय होणार? खा काहीतरी."

"उपास मोडू? शाल्मलीसाठी धरलाय गं."

शाल्मली त्यांची मुलगी, नाशकात, सातव्या महिन्यात. आधी दोनदा दिवस गेले होते, पण टिकले नव्हते. हे नऊ दिवस तिच्यासाठी होते, नुसत्या चहावर आणि फळांवर.

"देवी काय तुमचं पोट तपासायला येणारे?" मी म्हटलं. "सुंठेचा लेप लावा, भाकरी खा, झोपा."

सहाव्या माळेला त्यांनी पुन्हा फोन केला. आवाज बारीक. "तुझं ऐकलं. खातेय रोज थोडं. डोकं हलकं आहे आता. पण कुणाला बोलू नकोस, तुला शाल्मलीची शपथ. आईंना कळलं तर पुढं काही बरंवाईट झालं की माझ्याच नावावर."

आणि मी हसून म्हटलं होतं, "नाही बोलणार."

एक नमुना घेतला की बाटलीवर पहिली गोष्ट लिहायची ती वेळ, असं मी नव्या मुलींना शिकवते. वेळ चुकली तर पुढचं यंत्र कितीही चांगलं असो, आकडा खोटाच. समोरच्या पडद्यावर सबंध केंद्र ८.१० या आकड्याभोवती फिरत होतं.

पण तो आकडा खोटाच होता, हे तरी कुठे नक्की होतं? ते खरंच पित्त असेल तर? उपवासात निम्म्या महाराष्ट्राचं डोकं दुखतं. मी पित्त म्हटलं होतं. ते पित्तच असेल, तर माझी चूक नाही, आणि क्षालनही करता येईल. मला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी एकाच उत्तरात होत्या. असं उत्तर प्रयोगशाळेत आलं की मी सगळ्यात आधी त्याच्यावर संशय घेते.

डॉ. मुजावर साडेबाराच्या पुढे पुन्हा बाहेर आल्या. हातात संगणकाची पाटी होती. पाटीवर ताईंच्या मेंदूची निळी आकृती, आणि तिच्याभोवती ढगासारखं रक्त.

"जुन्या रक्ताची शक्यता अठरा टक्के," त्या म्हणाल्या. "पंचवीसच्या आत असेल तर आम्ही धुतो."

"अठरा तरी कशाला?" भाऊजी म्हणाले.

"पाण्यात थोडा पिवळेपणा आहे. बिलिरुबिन. जुनं रक्त मोडलं की होतं. पण उपवासातही ते वाढतं, आणि रक्तातून तिथवर पोचतं. तुम्ही म्हणालात ना, नऊ दिवसांचा कडक उपवास?"

"कडक म्हणजे कडकच. आमच्या घरात मोडत नाही कुणी."

सासूबाईंनी पदर सारखा केला.

"ते धरूनच यंत्राने पिवळेपणा वजा केलाय," डॉक्टर म्हणाल्या.

"आजच्या रक्तात किती आहे?" मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आकडा सांगितला. जेमतेम वाढलेला. आठ दिवस उपाशी असलेल्या बाईच्या रक्तात तो याहून जास्त हवा. माणसागणिक फरक पडतो, हे खरं. यंत्राने तो फरक मान्य केला होता, कारण भाऊजींचा शब्द होता. मागच्या चार दिवसांत रोज भाकरी खाल्लेल्या बाईच्या रक्तात मात्र तो इतकाच असता.

मग कडेचं पिवळं कुठून आलं?

"समजा," मी म्हटलं. "समजा चार दिवसांपूर्वी कुणाचं डोकं एकदम दुखलं. एका क्षणात. मान धरली. तर ते झिरपणं असण्याची शक्यता किती?"

"समजा का?"

"असंच."

"असंच विचारणारी माणसं मी या बाकावर खूप बघितलीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "एका क्षणात आणि मान धरून असेल, तर निम्म्यात रक्त सापडतं. विदुलाताई, द्रवाची पिशवी एकला येईल. दीडला चालू नाही केलं तर मी निर्णय बदलेन, कारण उशिरा धुण्यात अर्थ नसतो. काही सांगायचं असेल तर त्याआधी."

त्या आत गेल्या. भाऊजी माझ्याकडे बघत होते.

"काय गं? काय समजा?"

"काही नाही. शंका."

"शंका काढू नकोस बाई आता. तुम्हा शास्त्रवाल्यांचं असंच. माझं लग्न झालं तेव्हा बत्तीस गुण जुळले होते, एकाने शंका काढली नव्हती." ते हसायला गेले आणि ओठ आवळून थांबले. "सात म्हणालीय डॉक्टरीण. दहांत सात. अख्ख्या जन्मात मला दहांत सात मिळाले नाहीत कशात."

मी काचेपाशी परत गेले. थेंब पडला. मी मोजत राहिले आणि मनात आकडे मांडत राहिले. मी गप्प राहिले आणि ते पित्त असेल तर सात. गप्प राहिले आणि ते रक्त असेल तर जवळजवळ शून्य. बोलले तर चार, आणि त्यातले दोन अर्धवट. निम्मी शक्यता धरून मी सरासरी काढली. गप्प राहण्याची सरासरी चाराच्या अगदी जवळ येत होती. गणित मला कुठल्याच बाजूला ढकलत नव्हतं. मग भाकरी त्यात मिळवली, आणि पारडं झुकलं.

भाकरीची गोष्ट फक्त मला माहीत होती. ती सांगायची म्हणजे चौथ्या माळेचा फोन सांगायचा. पित्त म्हणणारी कोण, ते सांगायचं. शाल्मलीची शपथ मोडायची, आणि ज्या बाईने देवीचा उपास मोडलेला कुणाला कळू नये म्हणून डोकं धरून चार दिवस काढले, तिचं ते एक झाकलेलं तिच्या सासूपुढे उघडं करायचं, ती स्वतः बोलू शकत नसताना. उद्या नाशकात काही वाईट झालं तर बोट कुणाकडे जाईल, हेही मला दिसत होतं.

आणि तरी मी बोलले नाही. पडद्यावर पावणेपाच तास झाले. मग चार सत्तेचाळीस. मी स्वतःला सांगत होते, पिशवी येईपर्यंत वेळ आहे. अजून एक थेंब, अजून एक.

पिशवी एकला दोन मिनिटं कमी असताना आली. दुधासारखी धुरकट, ऊबदार कापडात गुंडाळलेली. डॉ. मुजावर तिच्या मागोमाग होत्या. भिंतीवरचा पडदा पांढरा झाला आणि त्यातून एक संथ आवाज आला: "क्षालनासाठी संमती नोंदवायची आहे. आपलं नाव, रुग्णाशी नातं आणि निर्णय स्पष्ट आवाजात सांगा."

भाऊजी उठले. शर्ट खाली ओढला, शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसे पडद्यासमोर उभे राहिले.

"मी भालचंद्र विठ्ठल साखरे. रुग्णाचा नवरा. माझा निर्णय..."

"थांबा," मी म्हटलं.

डॉक्टरांनी हात वर केला. पडदा थांबला.

"डॉक्टर, आजची सकाळ हा शून्य तास नाही. चौथ्या माळेला, म्हणजे चार दिवसांपूर्वी, सकाळी अकराच्या सुमारास ताईंचं डोकं एका क्षणात फुटल्यासारखं दुखलं. मान धरली. ओकारी झाली. त्यांनी मला फोन केला. मी पित्त म्हणाले."

भाऊजी पडद्यापासून माझ्याकडे वळले.

"आणि उपवास नव्हता," मी पुढे म्हटलं, कारण आता थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "मी खायला सांगितलं. त्या रोज खात होत्या. ते पिवळं उपासाचं नाही."

"तुम्ही खाताना पाहिलंय?" डॉक्टरांनी लगेच विचारलं. "की त्यांनी तुम्हाला सांगितलं?"

"सांगितलं."

"माणसं काळजी करणाऱ्याला बरं वाटावं म्हणूनही सांगतात, खाल्लं म्हणून. मला नक्की हवंय."

"खोटं!" भाऊजी ओरडले. "हेमा उपास मोडणार? पोरीसाठी धरलेला? आई, सांग ना हिला!"

सासूबाईंनी पाय बाकाखाली सोडले. चपला बाहेर होत्या, त्यांची बोटं गार फरशीवर टेकली.

"पाचव्या माळेपासनं खात होती," त्या म्हणाल्या.

"आई?"

"दुरडीतली अर्धी भाकरी रोज कमी व्हायची. मी मोजून करते रे. तुझ्या दोन, माझी एक. सहाव्या माळेपासनं मी एक जास्त थापायला लागले."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? देवीचा उपास. सासूने सुनेला 'मोड' म्हणायचं?" त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "कपाळाला सुंठ मीच उगाळून दिली, बाई. मला वाटलं, उपासाचं आहे. तुमच्या माणसाने विचारलं, डोकं दुखत होतं का. मी मनात म्हटलं, ते काय दुखणं असतं व्हय सांगण्यासारखं."

डॉ. मुजावरांनी पाटीवर तीन नोंदी केल्या. आकृतीभोवतीचा ढग एकदा विरघळला आणि पुन्हा उमटला. या वेळी डाव्या बाजूला, खोल, एक तांबूस ठिपका होता.

"चौऱ्याहत्तर टक्के," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "म्हणजे शंभरात सव्वीस वेळा ते रक्त नाहीच. मास्तरांसारखी होईल ती."

"होऊ शकेल."

"आणि झोपवली तर दहांत चार."

"चार. आता इतिहास नीट कळलाय म्हणून मी चारही खात्रीने म्हणते. मघाशी म्हणू शकले नसते. माझा सल्ला झोपवण्याचा आहे. पण पंचवीस ते पंचाहत्तरच्या मधे सक्ती करता येत नाही. घरच्यांनी सांगायचं."

"एकच टक्का कमी," भाऊजी पुटपुटले. ते काचेपाशी गेले. हात काचेवर ठेवला, काढला, शर्टाला पुसला. मग वळून पडद्यासमोर आले. "मी भालचंद्र..." एवढंच म्हणाले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. मोठा माणूस, चार-पाच शब्दांसाठी तोंड उघडत होता आणि मिटत होता.

"मला नाही येत," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. डोळे लाल होते आणि त्यांत माया नव्हती. "तू शिकलेली. तूच पित्त म्हणालीस, तूच भाकरी खायला लावलीस, आणि सकाळपासून इथं काचेला नाक लावून मुकी उभी होतीस. आता का मी बोलू? तूच बोल. काय व्हायचं ते तुझ्या तोंडून होऊ दे."

"भाल्या," सासूबाई म्हणाल्या.

"नाही, आई. ती बोलेल."

डॉक्टरांनी भाऊजींचं हे म्हणणं नोंदवून घेतलं. निर्णय धाकट्या जावेकडे. पडदा पुन्हा पांढरा झाला. संथ आवाजाने तेच वाक्य तसंच म्हटलं. परिचारिका पिशवी दोन्ही हातांत धरून दारात उभी होती. द्रव थंड होऊ नये म्हणून तिने ती छातीशी घेतली होती.

सात, चार, चौऱ्याहत्तर, सव्वीस. हे सगळे आकडे खरे होते, आणि त्यांतला एकही हेमाताईंचा नव्हता. त्या दहा जणी नव्हत्या. एकच होत्या, आणि ती एकच बाई चार दिवसांपूर्वी जिन्यात बसून मला जे घडलं ते नेमक्या शब्दांत सांगत होती. माझं लक्ष नमुन्यांकडे होतं.

सासूबाई उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मला धरलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या.

"माझं नाव विदुला श्रीनिवास साखरे," मी म्हटलं. "मी रुग्णाची जाऊ. क्षालन करायचं नाही. ताईंना झोपवा."